किड्यांच्या ग्रहावरची मोजणी

“आधी हात धू,” ही म्हणाली.

मुलगा कंट्रोलर हातात घेऊन सोफ्याच्या कडेला उभा होता. टीव्हीवर लाल आकाश पेटलेलं. रविवार, दुपारचे चार. त्याने आधाराला माझ्याकडे पाहिलं, तसं मी वर्तमानपत्रात डोकं घातलं.

“आई, आपल्याला खेळायचंय. कोणाचं पोट नाही फाडायचं.”

“ते खेळणं चिकट झालंय. तेही पूस. मग बसू.”

तो मुकाट्याने बेसिनकडे गेला. सूनबाई दाराच्या चौकटीला टेकून, हाताची घडी घालून उभी होती. फिर्याद तिचीच होती, त्यामुळे कामकाज सुरू होईपर्यंत ती बसणार नव्हती.

फिर्याद अशी. आमचा मुलगा वजनकाट्यावर कामाला आहे. खडीचे, वाळूचे ट्रक येतात, काट्यावर उभे राहतात, हा काचेच्या खोलीतून चिठ्ठी सरकवतो, ट्रक जातो. दिवसाला शंभर ट्रक आणि बोलायला माणूस नाही. घरी आला की हा संगणकापुढे बसतो आणि त्या खेळात शिरतो. अर्धं जग म्हणे हा खेळ खेळतं. चौघांनी मिळून एका परक्या ग्रहावर उतरायचं, नेमून दिलेलं काम करायचं, अंगावर येतील ते किडे बंदुकीने मारायचे आणि यान आलं की त्यात बसून परत यायचं. चौघे चार गावांतले, एकमेकांचं तोंडही न पाहिलेले. सूनबाई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, तिची नजर पक्की. “लग्नाला दोन वर्षं झाली,” ती म्हणाली, “मी याच्या पाठीशीच जास्त बोललेय.”

गुरुवारी जेवताना ती हिच्याकडे वळली. “आई, आता तुम्हीच सांगा. तो खेळ खेळण्यासारखा आहे की नाही. तुम्ही नाही म्हणालात तर हा सोडेल. कबूल केलंय त्याने.”

“सोडेन,” मुलगा म्हणाला, “पण आईने स्वतः खेळून बघायचं. न खेळता निकाल नाही.”

त्याला वाटलं, आई हात झटकेल आणि विषय मिटेल. बत्तीस वर्षं हिचा मुलगा असून त्याला असं वाटलं, याचं मला नवल वाटतं.

“तीन दिवस दे,” ही म्हणाली. “रविवारी एक डाव खेळते. मग सांगते.”

आता ही कोण, ते सांगायला हवं. आणि एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. ‘अस्सल’ आणि ‘सर्वोत्तम’ ही अक्षरं इतक्यांदा हातभर उंचीची काढली, की घरात माझ्या कुठल्याही बोलण्यातून सगळे आधी निम्मं वजा करतात आणि उरलेल्यावर विचार करतात. हिच्याबद्दल सांगेन त्यातून मात्र काही वजा करू नका.

ही चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होती. डॉक्टरांच्या शेजारी उभं राहायचं, हत्यारं हातात द्यायची आणि मोजायचं. रक्त टिपायला कापडाच्या घड्या असतात, त्यांना तिथे मॉप म्हणतात. पोट उघडण्याआधी मॉप मोजायचे, चिमटे मोजायचे, सुया मोजायच्या. पोट बंद करण्याआधी पुन्हा मोजायचं. मोठ्याने, दोघींनी, एकीने म्हणायचं आणि दुसरीने ऐकायचं. जेवढे आत गेले तेवढे बाहेर आले की सिस्टर म्हणते, “मोजणी पूर्ण,” आणि टेबलापासून दोन पावलं मागे सरते. मग डॉक्टर टाके घालतात. ती म्हणेपर्यंत नाही.

एकदा एक मॉप कमी भरला. डॉक्टर मोठे होते, नाव होतं, घाईत होते. “सिस्टर, मी सांगतो, पोटात काही राहिलेलं नाही. शिवू द्या.”

“नाही,” ही म्हणाली.

“मी सांगतोय.”

“तुम्ही सांगताय. मोजणी सांगत नाहीये.”

पाऊण तास पोट उघडं होतं. मी ही गोष्ट सांगतो तेव्हा पावणेदोन तास सांगतो, ते सोडा. डॉक्टर ओरडले, भूल देणारे डॉक्टर घामाघूम झाले, कचऱ्याच्या बादल्या जमिनीवर उपड्या झाल्या. ही हलली नाही. शेवटी मॉप सापडला, मोठ्या डॉक्टरांच्या स्वतःच्या बुटाच्या तळाला चिकटलेला. ते मान खाली घालून म्हणाले, “मोजा, सिस्टर.” हिने मोजलं आणि दोन पावलं मागे सरली. घरी येऊन याबद्दल अवाक्षर नाही. मला तिथल्या वॉर्डबॉयने सांगितलं.

आठ महिन्यांपूर्वी ही निवृत्त झाली. निरोपाच्या फोटोत सगळं थिएटर दात काढून उभं आहे. ही नाही. फोटो काढत होते तेव्हा ही आत हत्यारं मोजत होती. घरी आता चमचे मोजते. आणि एक गंमत सूनबाईच्या लक्षात आली, जी माझ्या पस्तीस वर्षांत आली नव्हती: टेबलावर ही कायम एक ताट कमी मांडते. आम्ही तिघं होतो तेव्हा दोन मांडायची, चौघं झालो तेव्हा तीन. स्वतःचं ताट सगळ्यांना वाढून झाल्यावर घेते. कधी ओट्याशी उभ्यानेच आटोपते.

असो. तर तीन दिवस हिने सराव केला. पहिल्या दिवशी हिचा सैनिक पाऊण तास भिंतीत चालत राहिला. दुसऱ्या दिवशी हिला सलाम ठोकायचं बटण सापडलं आणि ती ग्रहावरच्या प्रत्येक दगडाला सलाम करत सुटली. मध्येच शंका विचारायची.

“आपली गोळी आपल्याच माणसाला लागते?”

“लागते,” मुलगा म्हणाला. “म्हणून तर बघून मारायची.”

“हे बरोबर केलंय. सुरीसुद्धा लागते.”

“आणि आई, मेलीस तरी घाबरू नकोस. वरून दुसरा पाठवतात.”

“दुसरा? मग पहिल्याचं काय?”

“तोच असतो गं तो.”

“आत्ता दुसरा म्हणालास ना.”

वजनकाट्यावर असे प्रश्न येत नाहीत.

रविवारी हात धुऊन, कंट्रोलर पुसून ही टीव्हीपुढे ताठ बसली. मुलगा कोपऱ्यात त्याच्या संगणकाशी. पलीकडून दोघे आले. एक मास्तर होते, कुठल्याशा शाळेत गणित शिकवणारे, बोलके, सतत काहीतरी समजावून सांगणारे. दुसऱ्याला हे लोक ‘मुका’ म्हणत. चार महिने बरोबर खेळतोय, पण त्याने कधी माइक उघडला नव्हता. तो नुसता सलाम करायचा.

“नमस्कार, बाई,” मास्तरांचा आवाज टीव्हीतून खणखणला. “माझ्या मागे मागे राहा. बंदूक जमेल ना?”

“बंदूक नको. मी सामान देते,” ही म्हणाली.

चौघे ग्रहावर उतरले. मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

काय सांगू तुम्हाला. जांभळी वाळू, त्यावर दोन सूर्य, एक मावळतोय आणि एक उगवतोय. क्षितिजाला काळी रेघ होती आणि ती हलत होती. ते किडे होते. किती? मी दोन लाख म्हणतो, सूनबाई चाळीस म्हणते. पण त्यातला लहानातला लहान आमच्या फ्रिजएवढा होता, हे तीही कबूल करते.

आणि त्या दोन लाख किड्यांमध्ये माझी बायको गोळ्यांची पेटी पाठीवर घेऊन चालू लागली. पहिल्या दोन मिनिटांतच तिने ओळखलं की मास्तर बोलतात जास्त आणि गोळ्या उधळतात भराभर, मुलगा गोळ्या भरायच्या आधी थबकतो आणि मुका डावीकडे वळतो तेव्हा त्याला औषध लागलेलं असतं. मास्तर नुसतं “गोळ्या—” म्हणायचे, तोवर गोळ्या त्यांच्या पुढ्यात. मुक्याने तर मागायचा प्रश्नच नव्हता, त्याला न मागता मिळत होतं. तिच्या सैनिकाने एकही गोळी झाडली नाही. पण ते तिघे असे लढायला लागले, जणू त्यांना आठ आठ हात फुटले होते.

“अरे, बाई कोण आहेत या?” मास्तर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पुढचं वाक्य सुचलं नसावं.

“आई आहे,” मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात काहीतरी होतं. सूनबाई चौकट सोडून सोफ्याच्या हातावर येऊन बसली.

नेमून दिलेलं काम झालं. एक मनोरा उभा करायचा होता, तो उभा राहिला. मग आकाश फाडत यान उतरलं, मागचं दार उघडून फळी खाली आली. इथला नियम सांगतो. यान दोन मिनिटं थांबतं. पण पहिला माणूस आत बसला की वीस सेकंदांत दार लागतं. मागे कोण राहिलं, ते यान बघत नाही.

मास्तर फळीवर चढणार, तेवढ्यात ही म्हणाली, “थांबा. पाय ठेवायचा नाही. मोजणी व्हायचीय.”

“मोजणी?”

“बोला. आवाजात.”

“एक,” मुलगा लगेच म्हणाला. लहानपणापासूनची सवय.

“दोन,” मास्तर म्हणाले. “पण बाई, तिसरा मागेच आहे. टेकडीपलीकडे. तो नेहमी राहतो. आम्ही निघतो. सवय आहे त्याला.”

“मागे राहायची सवय कोणाला नसते, मास्तर.”

तिघे फळीपाशी उभे राहिले. काळी रेघ जवळ येत होती. मग टेकडीवर एक ठिपका दिसला, लंगडत धावणारा, आणि त्याच्या मागे सगळं किड्यांचं विश्व. मास्तरांनी आणि मुलाने जेवढ्या होत्या तेवढ्या गोळ्या त्याच्या दोन्ही बाजूंनी सोडल्या. तो आला. हिच्यासमोर उभा राहून त्याने सलाम केला.

“हात नको. तोंडाने बोला,” ही म्हणाली.

टीव्हीतून खरखर आली. चार महिन्यांत पहिल्यांदा तो माइक उघडला होता.

“त… त…”

त्या खोलीत आम्हा सगळ्यांना एकदम कळलं की तो मुका का होता.

“त… त…”

“आई, किडे,” मुलगा म्हणाला.

“गप्प बस,” ही म्हणाली. मग वेगळ्याच आवाजात, जो मी फक्त एकदा, हिच्या थिएटरच्या दाराशी उभा असताना ऐकला होता, “सावकाश. मी थांबलेय.”

पहिला किडा फळीवर चढला. मास्तरांनी त्याला उडवला. दुसरा चढला. यानाचं इंजिन गुरगुरू लागलं. माझ्या हातातला चहा कधीच थंड झाला होता आणि ती एका शब्दाची वाट बघत उभी होती, जसं काही त्या ग्रहावरचे दोन्ही सूर्य तिच्या परवानगीशिवाय हलणार नव्हते.

“तीन,” तो म्हणाला.

“तीन. मोजणी पूर्ण. बसा.”

तिघे धावत फळी चढले. आणि माझी बायको दोन पावलं मागे सरली.

चौतीस वर्षांची सवय. मोजणी पूर्ण म्हटलं की टेबलापासून मागे. तिचा सैनिक फळीपासून दूर, वाळूत शांत उभा राहिला. यानाने वीस सेकंद मोजायला सुरुवात केली.

“आई, आत ये ना. अगं, तू आत ये.”

“अगंबाई,” ही म्हणाली. तिने बटण दाबलं, तर तिचा सैनिक सलाम करायला लागला. तिच्या आणि फळीच्या मधे आता सात-आठ किडे आले होते.

नऊ सेकंद. आठ.

“जाऊ दे, आई,” मुलगा म्हणाला. “काम झालंय आपलं. तू मेलीस तरी काही बिघडत नाही. खेळ आहे.”

तो प्रेमानेच म्हणाला. तिला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला. पण खोलीत ते वाक्य जरा जास्तच वेळ राहिलं.

“च…” टीव्हीतून आवाज आला. “चार कोण?”

सहा. पाच.

“च… चार कुठे आहेत?”

आणि बंद होत आलेल्या दारातून एक सैनिक खाली उडी मारताना आम्हाला दिसला. लंगडाच होता. दार लागलं. यान त्या दोघांना घेऊन आकाशात निघून गेलं, आणि जांभळ्या वाळूवर माझी बायको आणि तो माणूस पाठीला पाठ लावून उभे राहिले.

“तुम्ही का उतरलात?” हिने विचारलं.

“म… मोजणी चुकली होती.”

ही हसली. खरं सांगतो, असं हसलेली मी तिला पुष्कळ दिवसांत पाहिली नव्हती. तिने उरलेली गोळ्यांची पेटी त्याच्या हातात दिली. तो झाडत होता, ती भरून देत होती. आजूबाजूला किड्यांचा डोंगर रचला जात होता आणि हे दोघे बसथांब्यावर उभं राहून बोलावं तसे बोलत होते.

“काय काम करता?”

“घ… घड्याळं दुरुस्त करतो.”

“मग हात स्थिर असणार.”

“हात नाही अ… अडखळत.”

“दिसतंय. डावीकडे एक.”

“ब… बघितला.”

“घरी कोण असतं?”

“घ… घड्याळं.”

दुसरा सूर्य वर आला. आता वाळू दिसेनाशी झाली होती. शेवटची पेटी संपली.

“पुढच्या रविवारी?” त्याने विचारलं. हे मात्र तो एकदाही न अडखळता बोलला.

“चौघे असतील तर,” ही म्हणाली. मग ती काळी लाट दोघांवरून गेली आणि पडद्यावर अक्षरं आली. मी पाट्या रंगवणारा माणूस, मला अक्षरं लगेच दिसतात. ‘मोहीम यशस्वी. परतले: दोन.’

मास्तर नमस्कार करून निघून गेले. हिने कंट्रोलर कापडाने पुसला आणि टेबलावर ठेवला.

“काय मग, आई?” सूनबाई म्हणाली. तिचा आवाज मघापेक्षा मऊ होता, पण फिर्याद तिने मागे घेतली नव्हती. “खेळण्यासारखा आहे?”

मुलगा खुर्ची फिरवून बसला होता. तो हिच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर अजून त्या ‘दोन’वर होती. निकाल विरुद्ध गेला तर आज काय जाणार, ते त्याला आता आमच्यापेक्षा जास्त कळलं होतं.

“आहे,” ही म्हणाली. “खूप चांगला खेळ आहे. ज्याची कोणी वाट बघत नाही, असा एक माणूस माझ्यासाठी खाली उतरला. असला खेळ वाईट कसा असेल.”

“म्हणजे याने सोडायचा नाही?”

“सोडतोय कशाला. याला अजून येत नाही तो. शिकू दे नीट.” ती उठली. “मी स्वयंपाकाचं बघते.”

ती आत गेली. मुलाने संगणक बंद केला, पण खुर्चीतून उठला नाही. मी त्याला काहीतरी सांगणार होतो, एखादा जुना किस्सा, डॉक्टरांच्या बुटाचा वगैरे. पण मग वाटलं, आज माझ्या गोष्टीची इथे गरज नाही. काही वेळाने सूनबाई त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि त्या मास्तरांबद्दल काहीतरी विचारू लागली. तो सांगू लागला. तोंड तिच्याकडे करून.

सात वाजता हिने हाक मारली. “ताटं मांडलीत. या.”

आम्ही गेलो. टेबलावर तीन ताटं होती. ही ओट्याशी पाठमोरी, भांड्यावरचं झाकण काढत होती. वाफेत तिचे पांढरे केस ओलसर दिसत होते. आम्ही तिघं आपापल्या खुर्चीपाशी उभे राहिलो. कोणीच बसलं नाही.

मुलाने फडताळ उघडलं. आवाज होऊ न देता एक ताट काढलं, नळाखाली धरलं, फडक्याने पुसलं, आणि चौथ्या खुर्चीपुढे ठेवलं. शेजारी वाटी ठेवली, चमचा ठेवला.

ही भांडं घेऊन वळली आणि थबकली.

“अजून कोण यायचंय?” तिने विचारलं.

तिने भांडं टेबलावर ठेवलं, हात पदराला पुसले आणि बोटाने ताटं मोजली. मग पुन्हा एकदा मोजली.